भुताला काय विचाराल?

मित्रांनो, समजा, एक भूत तुमच्या ताब्यात आलं. सांगाल ते करील, विचाराल त्याचं उत्तर देईल. तुम्ही त्याला कोणतं काम सांगाल? कुणी म्हणेल, गणिताचा गृहपाठ कर. कुणी म्हणेल, परीक्षेचा पेपर आदल्या रात्री आणून दे. आमच्या सावद्याकडची शेतकऱ्यांची मुलं म्हणतील, रात्री दोनला वीज आली की केळीच्या बागेत जाऊन मोटार तेवढी चालू कर, म्हणजे बाबांची झोपमोड नको!

हसू नका. मेलेल्यांना बोलावून कामाला लावण्याची ही कल्पना फार जुनी आहे. तिला प्रेतविद्या म्हणतात. आज मला तुमच्याशी या विद्येबद्दलच बोलायचं आहे. आणि आईबाबांनो, विषय ऐकून पान उलटू नका. यात तुमच्याही कामाचं थोडं आहे.

माझ्या मोठ्या नातवामुळे मला हे सगळं नव्यानं कळलं. तो नववीत आहे, पुण्याला राहतो. दिवाळीच्या सुट्टीत सावद्याला आला तो चित्रविचित्र फासे घेऊन. आपल्या सापशिडीच्या फाशाला सहा बाजू असतात, याच्या फाशांना दहा! खेळाचं नाव ‘व्हॅम्पायर : द मास्करेड’. व्हॅम्पायर म्हणजे रक्त पिऊन जगणारं पिशाच्च, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

या खेळात पट लागत नाही, सोंगट्या लागत नाहीत. कागद, पेन्सिल, फासे आणि बोलायला चार जण, एवढं पुरतं. एक जण कथाकार होतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि कथाकार सांगेल त्या प्रसंगात आपलं पात्र काय करील ते सांगतात. जमेल की नाही अशी शंका आली की फासे टाकायचे. या जातीच्या खेळांची सुरुवात १९७४ साली अमेरिकेत झाली. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ काढला. पुढे १९९१ साली मार्क राइन-हेगन यांचा ‘व्हॅम्पायर’ आला. त्यात गंमत अशी, की पिशाच्चाला मारायचं नसतं. आपणच पिशाच्च व्हायचं असतं!

या पिशाच्चांची घराणी असतात. त्यातलं एक घराणं व्हेनिसच्या सावकारांचं, नाव जिओव्हानी. खेळाच्या जुन्या आवृत्त्यांत प्रेतविद्या ही या घराण्याची खास विद्या. तिला पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीला मेलेल्या माणसाच्या डोळ्यांत पाहायचं आणि त्यानं शेवटी काय पाहिलं ते जाणायचं. दुसऱ्या पायरीला त्याच्या आत्म्याला बोलवायचं. तिसऱ्या पायरीला त्याला हुकूम सोडायचा. चौथ्या पायरीला त्याला एखाद्या जागेला किंवा वस्तूला बांधून टाकायचं. आणि पाचव्या पायरीला चक्क त्याचा छळ करायचा!

मी म्हटलं, “अरे, हा तर जुलूम झाला. मेल्यावरही सुटका नाही!”

नातू म्हणाला, “आजोबा, पण त्याची किंमत मोजावी लागते. हे बघा.” त्यानं कागदावरचा एक रकाना दाखवला. त्यात ‘माणुसकी’ मोजलेली होती, जास्तीत जास्त दहा. पिशाच्च क्रूरपणे वागत गेलं की ती घसरत जाते. शून्यावर आली की पात्र खेळाडूच्या हातातून जातं, कारण आता आत माणूस उरलेलाच नाही, नुसतं जनावर उरलं. शक्ती वाढवत जा, पण माणुसकी सांभाळ, ही सगळी कसरत आहे. मला हा नियम फार आवडला.

मग रात्री जेवणं झाल्यावर गच्चीवर खेळ मांडला. नातू कथाकार. पाचवीतली नात आणि शेजारची दोन मुलं खेळाडू. मी प्रेक्षक. नातवानं व्हेनिस सोडून गोष्ट थेट सावद्यात आणली. सावदा स्टेशनातून वर्षानुवर्षं केळीच्या वॅगन भरून दिल्लीकडे जात आल्या आहेत, तेव्हा पिशाच्च सावकाराच्या जागी आला पिशाच्च केळीव्यापारी! त्याची हिशेबाची जुनी चोपडी हरवलेली, आणि ती कुठे आहे हे फक्त एका हमालाला माहीत. हमाल तर कधीच मेलेला. आता त्याच्या भुताला बोलवा आणि चोपडी शोधा!

शेजारच्या मोठ्या मुलानं लगेच तिसरी पायरी वापरली. खळ्ळकन फासे टाकले. चांगले पडले. “सांग, चोपडी कुठंय?” भूत म्हणालं, “जिथं ठेवली तिथंच आहे.” पोरगा चिडला. पुन्हा फासे, पुन्हा हुकूम. भूत पुन्हा तेवढंच बोललं, जेवढं विचारलं. मग त्याची पाचवी पायरी काढायची तयारी सुरू झाली. तेवढ्यात माझी नात म्हणाली, “थांबा ना! मी बोलते. हमालकाका, तुम्ही अजून स्टेशनातच का थांबलाय? घरी का नाही गेलात?”

कथाकार जरा थांबला. मग हमालाच्या आवाजात म्हणाला, “पोरी, माझी सहा महिन्यांची मजुरी राहिली. त्या चोपडीत लिहिलेली आहे. म्हणूनच लपवली, कोणी ते पान फाडू नये म्हणून.” आणि पुढे त्यानं जागाही सांगून टाकली. फासे टाकावेच लागले नाहीत.

मित्रांनो, त्या रात्री झोपताना माझ्या मनात आलं, हा खेळ परदेशी खरा, पण ही गोष्ट आपल्या ओळखीची आहे. आपली भुतं आठवून बघा. मुंज झाली पण लग्नाआधी गेला, तो मुंजा. तो पिंपळावर राहतो. आमच्याकडे शेतांच्या बांधावर मुंजोबाची ठाणी असतात, आणि यावल तालुक्यातल्या अट्रावलला तर मुंजोबाची यात्रा भरते. बाळंतपणात गेलेली बाई म्हणजे हडळ. पुरलेल्या धनात जीव अडकलेला तो समंध. प्रत्येक भुतामागे काहीतरी राहून गेलेलं आहे. कुणाचं लग्न, कुणाचं बाळ, कुणाचा पैसा. म्हणजे भुतांच्या गोष्टी खरं तर जिवंत माणसांच्या दुःखाच्याच गोष्टी! गावात हडळींच्या गोष्टी पुष्कळ असतील, तर समजावं की त्या गावात बाळंतिणींकडे पूर्वी कुणी धड लक्ष दिलं नव्हतं.

आणि आपल्या भुतांचा राजा कोण? वेताळ. ‘विक्रम-वेताळ’ तुम्ही वाचलंच असेल. तुमच्या आईबाबांनी १९८५ साली दूरदर्शनवर ती मालिका पाहिली असेल, तुमच्या आजोबांनी ‘चांदोबा’तून वाचलं असेल. आता एक मौज सांगतो. रिचर्ड बर्टन नावाच्या इंग्रजानं १८७० साली या गोष्टी इंग्रजीत नेल्या, तेव्हा पुस्तकाला नाव दिलं ‘विक्रम अँड द व्हॅम्पायर’! प्रेतात शिरून बोलणाऱ्या वेताळाला त्याला दुसरा शब्द सापडला नाही. ब्रॅम स्टोकरचा प्रसिद्ध ‘ड्रॅक्युला’ त्यानंतर २७ वर्षांनी, १८९७ साली आला. आपला वेताळ मात्र काश्मीरच्या सोमदेवानं अकराव्या शतकात, ‘कथासरित्सागर’ या संस्कृत ग्रंथातच लिहून ठेवलेला आहे. आणि सोमदेवाच्या गोष्टीतला राजा कुठला माहीत आहे? गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा! त्याचं नाव त्रिविक्रमसेन.

ती गोष्ट नीट आठवा. एक साधू रोज दरबारात येऊन राजाला एक फळ देतो. एकदा एक माकड ते फळ फोडतं, तर आतून रत्न निघतं. राजा विचारतो, बाबा, तुला हवं तरी काय? साधू म्हणतो, मला एक मंत्र सिद्ध करायचा आहे. अंधाऱ्या चतुर्दशीच्या रात्री स्मशानात ये आणि झाडाला लटकलेलं प्रेत मला आणून दे. प्रेतात असतो वेताळ. तो वाटेत गोष्ट सांगतो, शेवटी कोडं घालतो. माहीत असून उत्तर दिलं नाहीस, तर डोक्याची शकलं होतील! आणि राजा बोलला की वेताळ पुन्हा झाडावर.

असं होत होत शेवटची गोष्ट येते. बाप आणि मुलगा यांची लग्नं होतात, पण उलटीच. बापाचं मुलीशी आणि मुलाचं तिच्या आईशी. त्यांच्या मुलांचं एकमेकांशी नातं काय? राजाला उत्तर येत नाही. तो गप्प राहतो आणि चालत राहतो. वेताळ खूश होतो आणि खरी गोष्ट सांगतो, राजा, तो साधू तुझाच बळी देणार आहे. तो नमस्कार घाल म्हणाला की म्हण, आधी तुम्ही करून दाखवा. राजा तसंच करतो, आणि साधू वाकला की त्याचंच डोकं उडवतो.

आता विचार करा. या गोष्टीत प्रेतविद्या जाणणारा कोण? साधू. आणि दुष्ट कोण? तोच! ज्याला आपण भितो तो वेताळ मात्र खरं बोलतो. आणि राजा वाचतो कशामुळे? तलवारीमुळे नंतर; आधी वाचतो तो ‘मला येत नाही’ म्हणून गप्प राहिल्यामुळे, आणि रात्रभर वेताळाचं ऐकून घेतल्यामुळे. साधूला प्रेत फक्त हवं होतं. राजानं त्याचं ऐकलं.

कोकणात तर हा वेताळ गावाचा राखणदार झाला आहे. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीच्या वेतोबाला लोक मोठाल्या चपला आणि केळ्यांचे घड वाहतात. रात्री गावाभोवती फिरून त्याच्या चपला झिजतात म्हणे! आम्हा केळीवाल्यांना हा देव जवळचा वाटला तर नवल नाही.

इथपर्यंत सगळं गोष्टीतलं झालं. आता एक खरी हकिकत सांगतो. ती गमतीची नाही.

मी तेव्हा चौथीत होतो. त्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत तापाची साथ आली आणि आठ-दहा दिवसांत दोन लेकरं गेली. त्यातलं एक माझ्याबरोबर गोट्या खेळायचं. अशात कुणीतरी बाहेरगावचा एक भगत आणला. रात्री अंगणात त्यानं राखेचं रिंगण काढलं, लिंबू कापलं, घुमायला लागला आणि एकदम लहान मुलाच्या आवाजात बोलू लागला. पोराच्या आईनं हंबरडा फोडला. “कोणी नेलं रे तुला?” असं ती विचारत राहिली. आणि त्या आवाजानं गल्लीच्या टोकाला एकट्या राहणाऱ्या एका म्हातारीचं नाव घेतलं. ती डाकीण आहे, असं ठरून गेलं.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या हंड्याशेजारी कुणी हंडा ठेवीना. आम्हा मुलांना तिच्या ओट्यावरून जायची बंदी झाली. रात्री तिच्या दारावर दगड पडू लागले. आमची आजी मात्र एका सकाळी मला हाताला धरून तिच्याकडे गेली. साऱ्या गल्लीला दिसेल अशी ओट्यावर बसली आणि तिच्या हातचा चहा प्यायली. मलाही बशीत ओतून दिला.

घरी आल्यावर मी विचारलं, “आजी, तुला भीती नाही वाटली?”

आजी म्हणाली, “काबरं वाटीन? त्या लेकराले तापानं नेलं. आता ते बिचारं बोलू शकत नाही, म्हणून कोणीबी उठते अन् त्याच्या तोंडून बोलते.”

म्हातारी महिन्याभरात सामान बांधून लेकीच्या गावी गेली. परत आली नाही. तिच्या घराचं दार कितीतरी वर्षं बंदच होतं.

आजीचं ते वाक्य मला आज जास्त कळतं. मेलेला माणूस उठून ‘मी असं बोललोच नाही’ असं सांगू शकत नाही. म्हणून त्याच्या नावानं काहीही खपवता येतं. गच्चीवरचा आमचा हमाल आणि अंगणातलं ते भूत, दोघांचेही आवाज जिवंत माणसानंच काढले होते. मग फरक कशात? खेळात कथाकार सगळ्यांसमोर सांगतो, की ही गोष्ट मी रचतोय. फासे उघड्यावर पडतात, आणि कधी कधी उलटेही पडतात. नियम सगळ्यांना माहीत असतात. खेळ संपला की सगळे चिवडा खायला बसतात. भगताचे फासे मात्र कुणाला दिसत नाहीत, ते कधी उलटे पडत नाहीत, आणि खेळ संपल्यावर एक खरीखुरी म्हातारी बेघर होते. पैठणच्या राजाला एका प्रश्नाचं उत्तर आलं नाही. भगताला येत नाही असा प्रश्नच नसतो!

वसतिगृहात राहणाऱ्या मुलांनी प्लँचेटही पाहिलं असेल. अक्षरं लिहिलेला कागद, त्यावर वाटी किंवा नाणं, त्यावर सगळ्यांची बोटं, आणि वाटी आपोआप सरकते! तिथं तर कुणी मुद्दाम फसवत नसेल. मग सरकवतं कोण? १८५३ साली इंग्लंडात अशीच टेबलं फिरवण्याची साथ आली होती. मायकेल फॅरडे या थोर शास्त्रज्ञानं लोकांचे हात आणि टेबल यांच्यामध्ये पुठ्ठ्याचे थर ठेवून पाहिले. आधी टेबल सरकलं तर खालचा थर पुढे जाईल, आधी हात सरकले तर वरचा. पुढे गेला वरचा! म्हणजे बसलेली माणसंच नकळत ढकलत होती. त्यांना स्वतःला पत्ता नव्हता. तेव्हा वाटीनं उद्या कुणाचं नाव ‘चोर’ म्हणून काढलं, तर ते नाव तुमच्यापैकीच कुणाच्या तरी मनातून आलं आहे, हे ध्यानात ठेवा.

आमच्या गल्लीतल्या म्हातारीच्या वेळी तिच्या मदतीला आजीचा एक कप चहा होता. आज कायदाही आहे. अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापून डॉ. नरेंद्र दाभोलकर अशा कायद्यासाठी वर्षानुवर्षं झटले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्यानंतर चारच दिवसांनी अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळानं जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. मंत्रानं भूत-पिशाच्च बोलावीन अशी धमकी देऊन लोकांत घबराट पसरवणं, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, एखादी व्यक्ती करणी करते असं सांगून तिचं जगणं मुश्कील करणं, साप चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करणं, हे सगळे त्यात गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, शिवाय दंड. म्हणजे पैठणचा साधू आज सापडला, तर त्याला राजाच्या तलवारीची गरज नाही. पोलीस ठाणं पुरे!

आता आईबाबांसाठी दोन शब्द. मुलं पिशाच्चांचे खेळ खेळतात म्हणून काळजी वाटणं साहजिक आहे. अमेरिकेतही १९८० नंतरच्या दहा वर्षांत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’वर मोठी ओरड झाली. मुलं सैतानाच्या नादी लागतील असं लोक म्हणू लागले. त्यातलं काही सिद्ध झालं नाही. तो खेळ आज पन्नाशी ओलांडून चालू आहे. व्हॅम्पायरचा खेळ मुळात मोठ्या माणसांसाठी लिहिलेला आहे आणि त्यात रक्तपात पुष्कळ आहे, तेव्हा लहान मुलांसाठी गोष्ट सौम्य करून घ्यावी. आमच्या नातवानं केली तशी. पण खेळच बंद करू नका. एकदा शेजारी बसून बघा. ज्या मुलानं स्वतः भुताचा आवाज काढला आहे, त्याला दुसऱ्यानं काढलेला आवाज लवकर ओळखू येतो.

आणि मित्रांनो, दहा बाजूंचे फासे नसले तरी अडत नाही. चिठ्ठ्यांवर १ ते १० आकडे लिहा, डब्यात टाका, हलवा आणि एक उचला. सहा किंवा वर आलं की जमलं. आधी घरातल्या मोठ्या माणसांना विचारून आपल्या गावच्या भुतांची यादी करा. कोण पिंपळावर, कोण विहिरीत, कोण जुन्या वाड्यात. प्रत्येकाच्या नावापुढे लिहा, याचं काय राहून गेलं होतं? मग एकानं कथाकार व्हा आणि सुरू करा. एक नियम मात्र आमच्या गच्चीवरचा घाला. भुताला हुकूम सोडायचा असेल तर चिठ्ठी उचलावी लागेल. पण ‘तुम्हाला काय हवंय?’ असं विचारायला चिठ्ठी लागणार नाही.